'बाउंटी'च्या लाँचची १:१६ प्रतिकृती : नाळेजवळच्या फळ्या बसत नाहीत

तारू

नमस्कार. 'बाउंटी' या ब्रिटिश जहाजावरील बंडखोरांनी २८ एप्रिल १७८९ रोजी जहाजाचे प्रमुख विल्यम ब्लाय आणि त्यांच्या १८ सहकाऱ्यांना ज्या उघड्या नौकेत बसवून समुद्रात सोडून दिले, त्या लाँचची लाकडी प्रतिकृती मी १:१६ या प्रमाणात बांधत आहे. मूळ नौका २३ फूट लांब, ६ फूट ९ इंच रुंद आणि २ फूट ९ इंच खोल होती. त्या हिशेबाने प्रतिकृतीची लांबी सुमारे ४३८ मि.मी., रुंदी १२९ मि.मी. आणि खोली ५२ मि.मी. येते.

साचा उलटा ठेवून त्यावर फासळ्या वाकवल्या आहेत आणि आता कीलपासून (नौकेच्या तळाच्या कण्यापासून) वर फळ्या लावत आहे. फळ्या म्हणजे सर्वत्र सारख्या रुंदीच्या, दीड मि.मी. जाडीच्या लाकडी पट्ट्या आहेत. मधल्या भागात त्या सुरेख बसतात. पण नाळेकडच्या, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाकडच्या, शेवटच्या तिसऱ्या भागात प्रत्येक पट्टीची एक कड वर उचलली जाते आणि शेजारच्या फळीवर चढू पाहते. दाबून चिकटवली तर सकाळपर्यंत सुटते. काही फासळ्या वाकवतानाच तडकल्या, त्यामागचे कारणही समजून घ्यायचे आहे. शिवाय आतील मांडणी नौका मूळ बांधली गेली तशी दाखवावी की समुद्रात सोडून दिल्यानंतरच्या प्रवासात होती तशी, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

सुतारपक्षी

तुमच्या पट्ट्यांमध्ये किंवा गोंदात दोष नाही. अडचण भूमितीची आहे. लाकडी पट्टी सपाट बाजूने सहज वाकते, थोडा पीळही घेते, परंतु कडेच्या दिशेने ती वाकायला तयार नसते. नाळेजवळ नौकेचा पृष्ठभाग एकाच वेळी आत वळतो आणि वर चढतो, त्यामुळे तेथे पट्टीला नेमके कडेच्या दिशेनेच वळावे लागते, आणि ते जमत नाही म्हणून ती एक कड उचलून सुटका करून घेते. त्यातच कीलपासून काठापर्यंतचे अंतर मध्यभागी जास्त आणि नाळेला कमी असते. समजा मध्यभागी हे अंतर ९५ मि.मी. आणि नाळेला ६० मि.मी. भरले, तर दहा फळ्यांपैकी प्रत्येकीची रुंदी मध्यभागी साडेनऊ आणि नाळेला सहा मि.मी. हवी. सारख्या रुंदीच्या दहा पट्ट्या तेथे मावणारच नाहीत.

म्हणून पुढची फळी लावण्याआधी कागदाची अरुंद पट्टी घेऊन प्रत्येक फासळीवर उरलेले अंतर मोजा, ते उरलेल्या फळ्यांच्या संख्येने भागा आणि पेन्सिलीने खुणा करा. सर्व फासळ्यांवरील खुणा एका लवचीक पट्टीने जोडून नौकेकडे दुरून, अगदी खाली वाकून पाहा. रेषेत कुठे गचका दिसला तर आकडा बाजूला ठेवून डोळ्यावर विश्वास ठेवा. त्यानंतर लावलेल्या फळीच्या कडेवरून पुढे येईल अशी पारदर्शक चिकटपट्टी रिकाम्या जागेवर सैल, न ताणता पसरा. खालच्या फळीची कड आणि वरच्या खुणा तिच्यावर उतरवून घ्या, मग ती चिकटपट्टी रुंद लाकडी पत्र्यावर चिकटवून तो आकार कापा. सपाट ठेवल्यावर ही फळी चक्क वाकड्या केळ्यासारखी दिसते, आणि नौकेवर मात्र कोणताही जोर न लावता बसते. मूळ कारागीरही फळीचा आकार असाच उतरवून घेत असत.

कीललगतची पहिली फळी विशेष जपा. ती नाळेच्या उभ्या लाकडावर वर चढू दिली की तिच्यावरच्या प्रत्येक फळीला नको तितके वळण घ्यावे लागते, आणि हा हिशेब काठापर्यंत चुकता होत नाही. तिचे टोक खालीच, कील आणि नाळ जिथे मिळतात त्याच्या आसपास थांबवावे. तुमच्या वर्णनावरून ती फळी वर गेली असावी असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर वरच्या फळ्यांवर कष्ट घेत बसण्यापेक्षा तीच काढून पुन्हा लावणे स्वस्त पडेल.

रंधा

वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र प्रत्येक फळी कापूनच काढावी असे नाही. वळण सौम्य असेल तेथे ओली पट्टी सपाट पाटावर ठेवून हव्या त्या वळणापेक्षा थोडी अधिक वाकवावी, क्लॅम्पने धरावी आणि हेअर ड्रायरने पूर्ण सुकेपर्यंत तापवावी. पूर्ण थंड झाल्यावरच क्लॅम्प सोडावा. लाकडाला मऊपणा मुख्यतः उष्णतेमुळे येतो, त्यामुळे पट्टी नुसती रात्रभर पाण्यात भिजवून काही साधत नाही.

फासळ्या तडकण्याचे कारण बहुधा रेषांमध्ये आहे. लाकडाच्या रेषा पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या नसतील आणि मध्येच कडेला बाहेर पडत असतील, तर ती तेथेच तुटणार. पट्टी करवतीने कापण्याऐवजी धारदार सुरीने रेषेच्या दिशेने चिरून काढा, किंवा दोन पातळ पट्ट्या साच्यावरच एकमेकींना चिकटवून एक फासळी तयार करा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. साचा आणि फासळ्या यांच्यामध्ये पातळ प्लास्टिकचा कागद असला पाहिजे, नाहीतर फळ्यांच्या फटीतून झिरपलेला गोंद फळ्या-फासळ्यांचे कवच साच्याला कायमचे जोडून टाकतो. कवच सुटले की त्याच तासाला दोन-तीन आडव्या काड्या लावून रुंदी धरून ठेवा, कारण फासळ्या सरळ होऊ पाहतात आणि नौका हळूहळू फाकते. आतला गोंद ओला असतानाच ओलसर कुंचल्याने पुसून घ्यावा. मोठ्या जहाजाच्या प्रतिकृतीत आतील घाण डेकखाली लपते. उघड्या नौकेत पाहणाऱ्याची नजर पहिल्यांदा आतच जाते.

भरतीओहोटी

मांडणीविषयी लिहितो. प्रवासातील नौका दाखवायची असेल, तर ती मूळ नौकेपेक्षा वेगळी दिसली पाहिजे. लाटा आत येऊ नयेत म्हणून ब्लाय यांनी नौकेभोवती कापडाचा आडोसा केला, प्रत्येक डोलकाठीला ताणाचे दोर बांधले आणि मागच्या बैठकीच्या फळ्या काढून त्या काठावर ठोकल्या, ज्यामुळे मागची बाजू सुमारे ९ इंच उंच झाली. तुमच्या प्रमाणात ती १४ मि.मी. भरेल. म्हणजेच वाढवलेला काठ दाखवला, तर मागची बैठक उघडी, फळ्यांविना दाखवावी लागेल. दोन्ही एकत्र दाखवणे चुकीचे आहे.

सामानाचाही असाच विचार करावा. निघताना १५० पौंड बिस्किटे, २ पौंडांचे डुकराच्या मांसाचे १६ तुकडे, २८ गॅलन पाणी आणि थोडी रम व वाइन एवढाच साठा होता. पुढे वादळात जादा कपडे, दोर आणि शिडे समुद्रात टाकून दिली गेली, सुताराच्या पेटीतील हत्यारे तळाशी ठेवली गेली आणि भिजण्यापासून वाचवण्यासाठी बिस्किटे त्या पेटीत भरली गेली. त्यामुळे दोरांची नीटनेटकी वेटोळी आणि बंद पेटीशेजारी बिस्किटांची पोती हे दृश्य, दिसायला कितीही छान असले, तरी त्या प्रवासाचे नाही. बिस्किटांचे वाटे मोजण्याचा, नारळाच्या दोन करवंट्यांचा तराजू मात्र अवश्य करा. त्यात वजन म्हणून पिस्तुलाची गोळी वापरली जाई आणि अशा २५ गोळ्यांचे वजन एक पौंड होई. १:१६ मध्ये करवंटी सात-आठ मि.मी. येईल, पण गोळी एक मिलिमीटरही भरणार नाही.

तारू

आपणा सर्वांचे आभार. पहिली फळी तपासली. सुतारपक्षी यांचा अंदाज बरोबर आहे. तिचे टोक नाळेवर बरेच वर गेले आहे. पांढऱ्या गोंदाने चिकटवलेली फळी कवचाला इजा न करता कशी सोडवावी? मांडणी प्रवासातीलच करण्याचे ठरवले आहे.

सुतारपक्षी

पांढरा गोंद असल्यामुळे फारशी अडचण नाही. जोडावर कोमट पाण्यात भिजवलेली कापडाची अरुंद पट्टी ठेवा, अधूनमधून ती पुन्हा भिजवा, आणि गोंद पांढुरका व मऊ दिसू लागला की पातळ पात्याने नाळेकडून मागे सरकत जोड उकला. फासळ्यांवर पाणी साचू देऊ नका, नाहीतर त्यांचेही जोड सुटतील. कवच साच्यावरच ठेवून एक पूर्ण दिवस वाळू द्या आणि मगच नव्या फळीसाठी खुणा करा, कारण ओल्या फासळीवर घेतलेले माप वाळल्यावर बदलते.