एआरएफ ट्रेनर: उडवण्याआधी कारखान्याचे कोणते जोड पुन्हा करायचे?

नवा_ट्रेनर (कोथरूड)
रिमोटवर उडणारं एआरएफ (जवळजवळ तयार मिळणारं) मॉडेल विमान घेतलंय: चाळीस साइजचं (.४० घनइंच इंजिनाच्या मापाचं) हाय-विंग ट्रेनर, म्हणजे वर पंख असलेलं शिकाऊंचं विमान, बाल्सा (हलकं लाकूड) आणि प्लायचं, पंखांची एकूण लांबी १.६ मीटरच्या आसपास. इलेक्ट्रिकवर उडवायचंय, तयार वजन अडीच किलोच्या आत बसेल. डबा उघडल्यावर दिसलेलं: फायरवॉलला (नाकातली, मोटर बसते ती प्लायची भिंत) गोंदाचे चार ठिपके, एका कोपऱ्यात कागद आत जाईल एवढी फट. डाव्या विंगला टोकाशी पीळ, ट्रेलिंग एज (पंखाची मागची कड) खाली. एलेरॉनचं (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) एक हिंज हलकं ओढल्यावर बाहेर आलं. कव्हरिंगला (लाकडावरच्या प्लास्टिक फिल्मला) सगळीकडे सुरकुत्या. सोबतचे स्क्रू इतके मऊ की डोकं पहिल्याच फेरीत घासतं.
यातलं केलंच पाहिजे असं काय आणि चालवून घेण्यासारखं काय? फायरवॉल पूर्ण काढून परत बसवायची का? पाच मिनिटांचं इपॉक्सी चालेल?

बाल्सा_आणि_बेअरिंग
सुरकुत्यांनी विमान पडत नाही, त्या शेवटी बघा. पहिली फायरवॉल.

ट्रेनरमध्ये पुढचं चाक बहुधा फायरवॉललाच असतं. त्यामुळे तिच्यावर मोटरची ओढ असतेच, पण तोडते ती लँडिंगची ठोकर. चार ठिपक्यांचा जोड ओढ सहन करतो, ठोकर नाही.

काढायच्या भानगडीत पडू नका, फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) बाजू फाटतील. बॅटरीच्या झाकणातून टॉर्च मारा, जुना गोंद ब्लेडने आणि ८० नंबर सँडपेपरने खरवडून लाकूड उघडं करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग चारही आतल्या कोपऱ्यांत १० मिमीची त्रिकोणी बाल्साची पट्टी इपॉक्सीत बसवा. फटीत आधी पातळ इपॉक्सी सोडा. हेअर ड्रायरने किंचित ऊब दिली की ते आपोआप आत ओढलं जातं. शेवटी बाहेरून, बाजूच्या प्लायमधून फायरवॉलच्या जाडीत जाईल असं २ मिमीचं भोक, बाजूला तीन, १५ मिमी खोल. त्यात इपॉक्सी लावलेली बांबूची काडी ठोका आणि वरून कापून टाका. भोक फायरवॉलच्या जाडीच्या मध्यावर हवं, नाहीतर प्लायचे थर सुटतात.

पाच मिनिटांचं नको. लाकडात मुरायच्या आत ते घट्ट होतं. नेहमीचं सावकाश सुकणारं अराल्डाईट घ्या आणि रात्रभर हात लावू नका.

एक सूचना: फायरवॉल उजवीकडे आणि खाली दोन-तीन अंश कललेली दिसेल. ती कारखान्याची चूक नाही, मुद्दाम केलेली असते. वॉशर घालून 'सरळ' करू नका.

हडपसर_ग्लायडर
फायरवॉलला फेविकॉल का नको? लाकूड ते लाकूड जोडायला तेच चांगलं, आणि वजनही कमी.

बाल्सा_आणि_बेअरिंग
नव्या, घट्ट बसणाऱ्या जोडाला जरूर. इथे लाकडावर आधीच गोंद बसलाय, फेविकॉल मुरणार कुठे? शिवाय फट आहे, आणि फट भरणं हे त्याचं काम नाही.

हडपसर_ग्लायडर
पटलं. मग माझी भर: मागच्या चाकांच्या तारा ज्या लाकडी ठोकळ्यात बसतात तोही तपासा. तार धरून मागे-पुढे हलवा. ठोकळ्याच्या कडेने कव्हरिंगवर रेघ उमटली तर तो सुटलाय. खाली प्लायची पट्टी नसेल तर ३ मिमी प्लाय दोन्ही बाजूंच्या फॉर्मरपर्यंत (धडाच्या आतल्या आडव्या चौकटींपर्यंत) नेऊन चिकटवा. भार फॉर्मरवर गेला पाहिजे, तळाच्या पातळ बाल्सावर नाही.

पीळ_काढा
पिळाला आमच्याकडे सोपी फूटपट्टी आहे: स्वयंपाकघराचा कडाप्प्याचा ओटा. विंग त्यावर ठेवा, मुळाकडचा भाग दाबून धरा, टोकाला ट्रेलिंग एजखाली किती मिमी उरतात ते मोजा, मग दुसरी विंग. दोन्हीकडे सारखी दोन-तीन मिमी ट्रेलिंग एज वर असेल तर उत्तम, टोक उशिरा स्टॉल होईल, म्हणजे उचल उशिरा गमावेल. तुमची डावीकडे खाली आहे, हे उलटं. टोकाला कोन जास्त, म्हणून तेच टोक आधी स्टॉल होतं, तेही लँडिंगला वेग कमी असताना, जमिनीजवळ. एलेरॉनच्या ट्रिमवर (रिमोटवरच्या बारीक दुरुस्तीवर) भिस्त ठेवू नका, ट्रिम एका वेगाला जमतो, वेग बदलला की पुन्हा झुकतं.

काढायचा असा: आधी सगळ्या कडा इस्त्रीने नीट चिकटवा, कडा सुटलेली असताना आकसवलं की फिल्म तिथून निघून येते. मग एकाने विंग उलट्या दिशेला, हवी त्यापेक्षा थोडी जास्त, पिळून धरायची आणि दुसऱ्याने हीट गन वरून आणि खालून आलटून-पालटून फिरवायची. एकाच बाजूने तापवलं तर नवा पीळ येतो. पूर्ण गार होईपर्यंत सोडू नका. विंगचा पुढचा भाग दोन्हीकडून बाल्साच्या पत्र्याने बंद असेल तर पीळ फारसा सुटणार नाही. तो जास्त असेल तर विंग बदलून मागा.

याच कामात सुरकुत्याही जातात. तापमान फिल्मनुसार बदलतं, म्हणून पोटाखाली कोपऱ्यात आधी चाचणी. छापील नक्षीची फिल्म काही वेळा आकसतच नाही, नुसती वितळते. आणि एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत विमान ठेवलंत तर पुन्हा सैल पडेल. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, त्यामुळे वर्षातून एकदा इस्त्री ठरलेलीच.

हिंजवडीचा_हिंज
नावाला जागून हिंजांबद्दल. एक सुटलं म्हणजे सगळी संशयित. प्रत्येक हिंज दोन बोटांनी घट्ट ओढा. कारखान्यात बहुतेकदा जाड सीए (सायनोअ‍ॅक्रिलेट, झटपट चिकटणारा गोंद) वापरतात आणि ते फक्त तोंडाशी राहतं.

निघालेल्या हिंजच्या फटीत आधीचा गोंद कडक झालाय, तिथे नवा मुरणार नाही. १५ मिमी सरकून नवी फट पाडा. फटीच्या मधोमध १.५ मिमीचं भोक पाडा म्हणजे गोंद खोल जातो. हिंजच्या मध्यावर टाचणी खोचा, दोन्हीकडे सारखं बसतं. मग अगदी पातळ सीए, फेविक्विकसारखं, प्रत्येक बाजूला तीन-चार थेंब. लवकर सुकवणारा स्प्रे मारू नका. एलेरॉन आणि विंगमध्ये अर्ध्या मिमीहून जास्त फट ठेवू नका, फडफड तिथून सुरू होते.

स्क्रू बदलाच. रविवार पेठेत बोहरी आळीत ३ मिमीचे अ‍ॅलन बोल्ट मिळतात. सर्व्होच्या (एलेरॉन वगैरे हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) भोकांत एकदा स्क्रू फिरवून काढा, आत पातळ सीएचा थेंब टाका, सुकल्यावर परत बसवा, लाकडात आटे टिकतात. क्लेविसवर (एलेरॉन वगैरे ओढणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या चिमट्यावर) सिलिकॉन नळीचा तुकडा सरकवायला विसरू नका. मोटर माउंटच्या धातूच्या आट्यांना निळं थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारं द्रव), पण ते प्लास्टिकला लागू देऊ नका, तडे जातात.

नवा_ट्रेनर
इतकं इपॉक्सी नाकात गेल्यावर सीजी (तोलाचा बिंदू) पुढे जाईल ना?

बाल्सा_आणि_बेअरिंग
वीस ग्रॅमसुद्धा भरणार नाही. बॅटरी सेंटिमीटरभर मागे घेतलीत की झालं, शेपटीत शिसं अजिबात नको. माहितीपत्रकातल्या सीजीच्या पुढच्या खुणेवर पहिलं उड्डाण करा. शेपूट चिकटवण्याआधी दोन्ही विंगटिपांपासून स्टॅबिलायझरच्या (शेपटीच्या आडव्या पंखाच्या) टोकांपर्यंतचं अंतर दोऱ्याने मोजा, फरक ३ मिमीच्या आत हवा. आणि उडवायची जागा आधी नकाशावर बघा, लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे.