तारीख वरून येते, वेळापत्रक आम्ही करतो. सीनियर एक्झिक्युटिव्हने सही कशावर करायची?

कासारवडवली_प्लॅनिंग

घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरच्या कामावर, बिल्डरच्या बाजूने, मी प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये सीनियर एक्झिक्युटिव्ह आहे. माझ्या वर मॅनेजर, त्यांच्या वर एजीएम, त्यांच्या वर प्रोजेक्ट हेड. प्रायमाव्हेरा या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लॅन अपडेट करायचा, ठेकेदाराची आरए बिलं (चालू कामाची टप्प्याटप्प्याची बिलं) मोजमापाशी ताडून बघायची, आर्किटेक्टच्या मागे लागून जीएफसी, म्हणजे बांधकामासाठी पक्की झालेली, ड्रॉइंग सोडवून घ्यायची, कोऑर्डिनेशन मीटिंगचे मिनिट्स काढायचे आणि महिनाअखेरीला प्रोग्रेस रिपोर्ट द्यायचा, हे माझं काम. त्या रिपोर्टवर ‘प्रिपेअर्ड बाय’समोर माझं नाव असतं.

प्लॅन एक तारीख सांगतो आणि वरून दुसरीच येते. मग निरोप मिळतो, ‘त्या तारखेला बसवून दे.’ बसवायचं म्हणजे काय, ते या लाइनमध्ये नसलेल्यांसाठी सांगते. स्लॅबला फारसा हात लावता येत नाही. मायव्हान (अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांचं) शटरिंग असलं तरी सळई, कंड्युट (वायरींचे पाइप), चेकिंग, काँक्रीट हा क्रम ठरलेला असतो. टेकू कधी काढायचे त्याचेही दिवस काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, दिलेत: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७, त्याहून मोठ्याला १४. मग कात्री लागते ती शेवटच्या कामांना. गिलाव्याच्या क्युरिंगचे ७ दिवस असतात, त्याचे ३ होतात. टॉयलेटच्या वॉटरप्रूफिंगवर पाणी भरून निदान ४८ तास ठेवायचं असतं, ती पाँडिंग टेस्ट टाइल्सच्या बरोबरीने चालू दाखवली जाते. पाणी भरलेल्या जागेत टाइल बसवता येत नाही हे मिस्त्रीला सांगावं लागत नाही. पण प्रायमाव्हेरात दोन कामांमधलं फिनिश-टू-स्टार्ट (पहिलं संपल्यावर दुसरं) बदलून स्टार्ट-टू-स्टार्ट (दोन्ही एकदम सुरू) केलं, की सॉफ्टवेअर ते मान्य करतं. पावसाळ्याचं कॅलेंडर काढून साधं लावलं, की बाहेरचा रंग जुलैत येतो. होळीला आणि छठला गावी जाणारे कारागीर कागदावर साइटवरच असतात.

पुढे त्याच भिंतींचे पापुद्रे निघतात, खालच्या घराच्या छताला ओल येते, आणि ज्याने आयुष्यभराची कमाई घातली त्याला ती निस्तरावी लागते.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. रिपोर्टच्या पहिल्या पानावर दोन तारखा असाव्यात: एक मॅनेजमेंटचं टार्गेट, दुसरी चालू प्लॅनमधून निघणारी. दुसऱ्या तारखेला कोणी हात लावू नये. पटली नाही तर वरच्यांनी शेजारी शेरा मारावा, पण ती पुसू नये. मोजणाऱ्याला मोजमाप लिहायचा हक्क नसेल, तर त्याच्या नावाखाली सही मागू नये.

खारघरकाका

ताई, तळमळ पोचली. पण मी तुमच्या विरुद्ध बाजूने बोलणार आहे. या कामात केस पांढरे झालेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

टार्गेट ताणलेलंच असावं लागतं. तुम्ही ‘प्लॅनमधून निघणारी तारीख’ म्हणून मे महिना छापलात, की तो कागद मीटिंगच्या टेबलावरून ठेकेदाराकडे, तिथून लिफ्टवाल्याकडे जातो. लिफ्टवाला लगेच म्हणतो, मग मार्चआधी माल कशाला पाठवू? ठेकेदार एक गँग काढून दुसऱ्या साइटवर नेतो. तुम्ही लिहिलेला मे कोणालाच मे वाटत नाही, तो जुलैवर जातो. जो वेळ मोकळा दाखवला तो खाल्ला जातो, हे मी इमारतीपासून पुलांपर्यंत सगळीकडे पाहिलंय.

दुसरं, तुमचा प्लॅन आजच्या वेगावर चालतो. मागच्या महिन्यात जेवढं काम झालं तेच पुढे ओढून तारीख काढता. प्रोजेक्ट हेडच्या डोक्यात आणखी गोष्टी असतात. शटरिंगचा दुसरा सेट कुठून आणायचा, फिनिशिंगला कोणता नवा ठेकेदार घ्यायचा, हे बोलणं तुमच्यापर्यंत आलेलंही नसतं. पैशाचंही तसंच. रेरात, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांच्या नियमन कायद्यात, ग्राहकाच्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि कामाच्या टप्प्याप्रमाणे, आर्किटेक्ट, इंजिनियर आणि सीएच्या दाखल्यांवर बाहेर निघतात. एक टप्पा पुढे ढकलला की पैसा अडकतो आणि पैसा अडकला की काम अडकतं. वरचा माणूस तारीख दाबून धरतो तेव्हा दरवेळी तो खोटं बोलत नसतो. तो पैशाचं चाक फिरतं ठेवत असतो.

पाँडिंग टेस्टला कात्री लावणं मात्र मला मान्य नाही. ते वेळापत्रकात करणं चूक आणि साइटवर करणं त्याहून मोठी चूक. पण त्याचा उपाय क्वालिटीच्या माणसाला ‘थांब’ म्हणायचा हक्क देणं हा आहे. पहिल्या पानावर दुसरी तारीख छापून टाइलखालचं गळणं थांबत नाही.

तळोजा_फ्लॅटधारक

काका, पैशाचं चाक फिरतं ठेवण्यासाठी माझा पगार वापरला जातो, तो हिशेबात घ्या. मी हप्ताही भरला आणि भाडंही भरलं. ताबा ‘दिवाळीला’ म्हणून सांगितला होता आणि कुठली दिवाळी ते दरवर्षी बदलत गेलं. मुलीचं शाळेचं अ‍ॅडमिशन नवीन घराजवळ घ्यायचं की जुन्या, हा प्रश्न आम्ही एका खोट्या तारखेवर सोडवला आणि वर्षभर तिला पहाटे उठवून लांबच्या शाळेत पाठवलं.

मोठ्या कामांना उशीर होतो हे आम्हाला कळतं. बेलापूर ते पेंधर मेट्रोचं भूमिपूजन १ मे २०११ ला झालं आणि प्रवासी बसले १७ नोव्हेंबर २०२३ ला. ११ किलोमीटरचा मार्ग. उशीर कळला तर माणूस आपली सोय बघतो. आधीच कळलं असतं की दोन वर्षं जास्त लागणार, तर मी भाड्याचा करार तसा केला असता. रेराच्या कलम १८ प्रमाणे उशीर झाला तर पैसे व्याजासह परत मागता येतात, किंवा घर ठेवून दर महिन्याचं व्याज. महाराष्ट्रात ते स्टेट बँकेच्या सर्वात वरच्या एमसीएलआरवर (बँकेच्या कर्जाच्या मूळ व्याजदरावर) २ टक्के. पण तो हक्क वापरायचा की नाही, हे ठरवायलासुद्धा खरी तारीख हातात लागते. कासारवडवली ताई, तुमच्या त्या दुसऱ्या तारखेची मला गरज आहे.

घणसोली_साइट

मी साइट इनचार्ज आहे, दोन्ही बाजूंना एकच सांगतो. प्लॅनिंगवाले साइटवर येत नाहीत. आठव्या मजल्यावर गिलावा ८० टक्के असं लिहून जातात. डक्टच्या आतल्या भिंती, जिन्याखालचा कोपरा, खिडकीच्या कडा कोणी मोजत नाही. तेच २० टक्के पुढे दोन महिने खातात. तुमच्या प्लॅनमधून निघणारी तारीखही मग खरी कशी म्हणायची? आधी हेल्मेट घालून मजले चढा, मग हक्क मागा.

कासारवडवली_प्लॅनिंग

@घणसोली_साइट, मी आठवड्यातून तीनदा मजले चढते आणि डक्ट मोजते. सगळे तसं करत नाहीत हे मान्य. पण तुमचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो. ते २० टक्के मी मोजून लिहिले, तारीख पुढे गेली, आणि वरून ‘८० चे ९५ कर’ असं आलं, तर माझं चढणं कशाला?

@खारघरकाका, पैशाची बाजू मला मीटिंगमध्ये दिसत नाही हे बरोबर. दुसरी गँग येणार असेल तर ती प्लॅनमध्ये घालायला मी तयार आहे. कोणत्या तारखेपासून, किती माणसं, एवढं सांगा, तारीख आपोआप अलीकडे येईल. न सांगता फक्त शेवट अलीकडे आणा म्हणतात, तिथे माझा विरोध आहे.

ऐरोली_डिलिव्हरी

मी आयटीत, ऐरोलीला. आमच्याकडे सिमेंट नाही, पण कात्री त्याच जागी लागते: डेव्हलपमेंट लांबलं की टेस्टिंगचे दिवस कमी होतात आणि गो-लाइव्ह (सिस्टीम प्रत्यक्ष सुरू करायचा दिवस) जागचं हलत नाही. दोन तारखांचा प्रयोग आमच्या टीममध्ये झाला आणि फसला. क्लायंटने अलीकडची धरली, टीमने पलीकडची धरली, आणि दर मीटिंगमध्ये कोणती खरी यावरच वेळ गेला.

आता आम्ही एकच तारीख देतो, पण तिच्याखाली अटी लिहितो. ‘अमुक डेटा या दिवसापर्यंत मिळाला, अमुक परवानगी त्या दिवसापर्यंत आली, तर ही तारीख.’ अट मोडली की तारीख तिथल्या तिथे सरकते आणि कोणामुळे सरकली ते शोधावं लागत नाही. बांधकामात हे चालेल का, ते तुम्ही सांगा.

बेलापूर_काँट्रॅक्ट्स

चालेल, आणि ठेवायलाच हवं, पण तुम्हा सगळ्यांच्या हातून एक गोष्ट निसटतेय. रिपोर्ट हा पुरावा असतो. वाद लवादापुढे गेला की महिन्यामहिन्याचे रिपोर्ट आणि मिनिट्स बाहेर काढले जातात, आणि ‘प्रिपेअर्ड बाय’वाल्यालाच प्रश्न विचारतात.

ताईंची दुसरी तारीख नुसती छापली आणि ठेकेदाराला प्रत गेली, तर तो उद्या म्हणेल, मालकालाच, म्हणजे बिल्डरलाच, ही तारीख ठाऊक आणि मान्य होती. करार कायदा १८७२ चं कलम ५५ वाचा. वेळेला महत्त्व असलेल्या करारात उशिराचं काम मालकाने स्वीकारलं, तर स्वीकारताना भरपाई मागण्याची नोटीस दिलेली असावी लागते, नाहीतर मागणी हातची जाते. म्हणून तारीख एकटी पाठवू नका. सोबत कारण, कोणाच्या बाजूचं ते, आणि आमचे हक्क राखून ठेवतो ही ओळ हवी.

आता काकांसाठी. खोट्या तारखेने मालकाचं नुकसान जास्त होतं. आपल्याच रिपोर्टमध्ये सगळं वेळेवर चालू आहे असं लिहिलेलं असेल, तर उशिरासाठी ठेकेदाराचा दंड कापताना काय दाखवणार? हिंड्रन्स रजिस्टर (कामातल्या अडथळ्यांची नोंदवही) त्या त्या दिवशी भरलेलं असावं. ड्रॉइंग कधी मागितलं, कधी मिळालं, फ्रंट (कामाची जागा) कधी मोकळा झाला, दोघांच्या सह्या. आणि रेराचं कलम १४ विसरू नका: ताब्यानंतर ५ वर्षांपर्यंत बांधकामाच्या दर्जातला दोष ग्राहकाने दाखवला, तर बिल्डरला ३० दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करून द्यावा लागतो. कात्री लावलेल्या पाँडिंग टेस्टचं बिल त्याच कंपनीकडे परत येतं. हे गणित एजीएमसमोर मांडा, तत्त्वाचं बोलण्यापेक्षा ते लवकर ऐकलं जाईल.

खारघरकाका

बेलापूरकर, दंडाचा मुद्दा मानला. आमच्या पिढीने रजिस्टर कमी आणि फोन जास्त वापरला, त्यामुळे बरंच सिद्ध करता आलं नाही. अटींची पद्धतही ठीक आहे. पण ताई, त्या अटींसमोर नावं कोणाची घालणार? आर्किटेक्टचं नाव घालणं सोपं आहे. ‘फिनिशिंगची दुसरी गँग प्रोजेक्ट हेड १५ तारखेपर्यंत आणतील’ हे लिहायची तुमची तयारी आहे का?

कासारवडवली_प्लॅनिंग

हो. पदाचं नाव घालून लिहीन. आणि ती ओळ मीटिंगमध्ये त्यांच्यासमोर वाचून मिनिट्समध्ये घेईन, पाठीमागून मेल करणार नाही. या महिन्याच्या रिपोर्टला असं करते: टार्गेट तारीख तीच, खाली अटी, प्रत्येक अटीला माणूस आणि दिवस, आणि आज कोणत्या अटी मोडल्यात त्यावरून निघणारी तारीख. बेलापूरकरांची हक्क राखण्याची ओळ तळाशी. पाँडिंग आणि क्युरिंगचे दिवस कोणी कमी करायला सांगितले, तर ते क्वालिटीच्या लेखी परवानगीशिवाय बदलणार नाही, हे कव्हरिंग मेलमध्ये लिहीन.

तळोजावाल्या दादांना ही तारीख माझ्याकडून थेट मिळणार नाही, हे मला टोचतं. ते माझ्या हातात नाही. पण रेराच्या साइटवर दर तीन महिन्यांनी कामाची माहिती भरावी लागते, आणि ती आमच्याच आकड्यांवरून भरली जाते. ते आकडे बरोबर जातील, एवढं मी बघू शकते.

खारघरकाका

करा. फक्त ‘आज निघणारी तारीख’ असलेलं पान ठेकेदाराच्या प्रतीतून काढा, त्याला अटींचं पान पुरे. त्याबाबत माझं मत बदललेलं नाही.

बेलापूर_काँट्रॅक्ट्स

काका, पान काढू नका. दोन प्रती वेगळ्या निघाल्या की लवादापुढे पहिला प्रश्न तोच येतो. द्यायची तर नोटिशीसह द्या, नाहीतर रिपोर्ट ठेकेदाराला देऊच नका.