परदेशी विद्यापीठाशी करार म्हणजे नुसता फोटोच का?

माटुंगा_लोकल: आमच्या कॉलेजात (नाव नको) मागच्या वर्षी एका परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार झाला. शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो. त्यानंतर तिकडून कुणी आलं नाही, इकडून कुणी गेलं नाही. वर्कशॉपमधली लेथ आमच्या सीनियरांच्या सीनियरांनी वापरलेलीच. असल्या सहकार्यानं इंजिनिअरिंग सुधारणार? मला तरी वाटत नाही.

पवईचा_पाहुणा: तुमचा करार पोकळ निघाला म्हणून सगळेच तसे? पवईची आयआयटी युनेस्को आणि सोव्हिएत मदतीनंच उभी राहिली. १९५८ साली पहिली तुकडी वरळीला सस्मिरा या कापड संशोधन संस्थेच्या इमारतीत शिकली, पवईला तेव्हा काहीच तयार नव्हतं. तिकडून यंत्रं आली आणि यंत्रांबरोबर तज्ज्ञही आले. तुमच्याकडे फक्त शाल आली.

माटुंगा_लोकल: ते दोन सरकारांमधलं हो. आम्हाला कोण विचारतं?

फाईलवाली_मॅडम: मी शिकवते, म्हणून बोलते. वॉशिंग्टन करार म्हणजे इंजिनिअरिंग पदव्यांचं एकमेकांचं मानांकन मान्य करणाऱ्या देशांचा करार. २०१४ ला भारत त्याचा पूर्ण सदस्य झाला. कल्पना उत्तम: किती शिकवलं ते सोडा, मुलाला काय जमतं ते बघा. आमच्याकडे त्याचं झालं सीओ-पीओ मॅपिंग, म्हणजे विषयातून काय जमायला हवं आणि पदवीतून काय जमायला हवं, यांची जुळणी. प्रत्येक विषयाच्या चौकटीत १, २, ३ भरत बसायचं. मानांकनाची कमिटी येणार म्हटलं की रात्री नऊपर्यंत फायली, आणि त्या आठवड्यात प्रॅक्टिकलला राम राम. वर त्या कराराची मान्यता टियर-वनला, म्हणजे स्वायत्त कॉलेजं आणि विद्यापीठांचे विभाग. आमच्यासारख्या संलग्न कॉलेजला फक्त फायली.

पवईचा_पाहुणा: मॅडम, रात्री नऊपर्यंत बसा असं करारात कुठे लिहिलंय? तो आपला देशी हातभार.

फाईलवाली_मॅडम: लिहिलेलं नाही, पण बसावं मलाच लागतं ना.

केटी_बहाद्दर: परदेशी प्राध्यापकांना इथे शिकवायला बोलावणारी सरकारची ‘ग्यान’ योजना आहे ना, त्यातला एक कोर्स मी केलाय. बाहेरचे सर, पाच दिवस. पहिल्याच तासाला एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग दिलं नि म्हणाले, हे कुठे मोडेल सांगा. आम्ही सगळे फॉर्म्युला शोधायला लागलो. सर म्हणाले, आधी हातानं वाकवून बघा. चार वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं.

माटुंगा_लोकल: हे पटलं. आणि सर गेल्यावर?

केटी_बहाद्दर: सोमवारी सबमिशन होतं. मित्राचा रायटअप उतरवून काढला.