स्पॅनिश: तक्ते पाठ झाले, पण तोंडातून वाक्य निघत नाही

उशिरा_आलेली

नमस्कार मंडळी. तीन महिने स्पॅनिश शिकतेय. दोनशे पानी वहीतली अकरा पानं नुसत्या वर्तमानकाळाच्या तक्त्यांनी भरली आहेत. ‘बोलणे’चा तक्ता घ्या: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. रात्री दोनला उठवून विचारा, बिनचूक म्हणून दाखवेन. पण समोरच्यानं साधं ‘कसं काय?’ विचारलं की सहाच्या सहा रूपं दारात अडकतात आणि एकही बाहेर येत नाही.

आठवड्यातून एकदा एका कोलंबियन बाईंशी व्हिडिओवर बोलते. मागच्या खेपेला मला सांगायचं होतं, की आज जरा कंटाळा आलाय. मी म्हणाले, ‘सोय आबुर्रिदा’. त्या खो खो हसल्या आणि म्हणाल्या, छे छे, मुळीच नाही! नंतर कळलं, मी ‘मी एक कंटाळवाणी बाई आहे’ असं जाहीर करून बसले होते. म्हणायला हवं होतं ‘एस्तोय आबुर्रिदा’.

तर विचारायचंय असं: रोजच्या बोलण्याला आधी कुठली क्रियापदं धरू? आणि ‘क्येरो’चं (मला हवंय) अनेकवचन ‘क्येरेमोस’ का नाही, ‘केरेमोस’ का? पुस्तकात ‘अनियमित’ एवढंच लिहून मोकळे झालेत. अनियमित म्हणजे काय, लहर आली म्हणून?

जुना_दुभाषी

ताई, लहर नाही, आघात आहे. ‘क्येरो’ म्हणताना जोर ‘क्ये’वर पडतो. ‘केरेमोस’ म्हणताना तो पुढे ‘रे’वर सरकतो. जोर पडला की ‘ए’ फुटून ‘ये’ होतो, जोर सरकला की परत साधा ‘ए’. ‘ओ’चंही तसंच: प्वेदो (मी शकतो) पण पोदेमोस, द्वेर्मो (मी झोपतो) पण दोर्मिमोस. लॅटिनमधले ऱ्हस्व ‘ए’ आणि ‘ओ’ आघाताखाली असे फुटले, आणि ते फक्त क्रियापदांत नाही. आकडे आठवा. सात म्हणजे स्येते, सत्तर म्हणजे सेतेंता. नऊ न्वेबे, नव्वद नोबेंता. दार प्वेर्ता, दारवान पोर्तेरो. हे एकदा कानात बसलं की तक्ता लागत नाही, जोर कुठे पडतोय तेवढं ऐकायचं.

आणि आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. फूल, पण फुलाला. दूध, पण दुधात. प्रत्यय लागला की मधला स्वर आखडतो. याची यादी कधी पाठ केली होतीत? तिकडे आघात, इकडे ऱ्हस्वदीर्घ, कारणं वेगळी आहेत. पण शब्द लांबला की आतला स्वर बदलतो, याची सवय मराठी कानाला जन्मापासून आहे.

पिदो–पेदिमोस (मागणे) हा तिसरा प्रकार, तिथे ‘ए’चा ‘इ’ होतो. ‘उ’चा ‘वे’ होणारं एकच, खेळणे: ख्वेगो, खुगामोस. पुढे चला.

आता तुमचा खरा अडथळा. तुम्ही इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकावरून शिकताय, बरोबर? माझीही सुरुवातीची चार वर्षं अशीच गेली. मराठीतून इंग्रजीत जायचं, तिथून स्पॅनिशमध्ये. निम्मी वाक्यं मधल्या मुक्कामालाच गारठायची. ‘गुस्तार’वर (आवडणे) त्या पुस्तकात तीन पानं खर्च केली होती, की इथे कर्ता उलटा असतो, घाबरू नका वगैरे. अहो, मला पुस्तक आवडतं, मला पुस्तकं आवडतात. मे गुस्ता एल लिब्रो, मे गुस्तान लोस लिब्रोस. आवडणारी वस्तू एक तर क्रियापद एकवचनी, अनेक तर अनेकवचनी. यात उलटं काय आहे? आपल्याकडून पाहिलं तर सरळच आहे.

तसंच ‘काय करतेस?’ ‘वाचते.’ के आसेस? लेओ. आत्ता चालू असलेल्या गोष्टीलाही साधा वर्तमानकाळ पुरतो. ‘मी’, ‘तू’ गाळायचे, कारण क्रियापदाच्या शेपटीवरून माणूस कळतो. तुमचं पहिलंच वाक्य घ्या, ‘तीन महिने शिकतेय’. स्पॅनिशमध्येही तिथे वर्तमानकाळच येतो: आसे त्रेस मेसेस के एस्तुदियो एस्पान्योल.

म्हणून तक्त्यांऐवजी साच्यांवर या. पुढचं क्रियापद मूळ रूपात ठेवायचं आणि आधी फक्त एक फिरवायचं. जायचंय: क्येरो इर. जावं लागणार: तेंगो के इर. जाणार आहे: बोय आ इर. आत्ताच पोचले: आकाबो दे येगार. मला पोहता येतं: से नादार. मी पोहू शकते, म्हणजे आज तब्येत बरी आहे, पाणी स्वच्छ आहे: प्वेदो नादार. ‘येतं’ आणि ‘शकते’ हा भेद मराठीत आयता आहे. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी दोन्हीकडे ‘प्वेदो’ लावून बसतो.

सुरुवातीला क्रियापदं दहाच धरा: सेर आणि एस्तार (दोन्ही ‘असणे’), तेनेर (जवळ असणे), इर (जाणे), केरेर (हवं असणे), पोदेर (शकणे), सबेर (माहीत असणे, येणे), आसेर (करणे), देसिर (सांगणे), बेनिर (येणे). दहाही वाकडी आहेत हे खरं. रोज तोंडात घोळणारे शब्दच वाकडे राहतात. आपल्याकडे जा–गेला, ये–आला, हो–झाला बघा. पण त्यांच्या वाकडेपणातही घराणी आहेत. ‘मी’च्या रूपात ‘गो’ येणारे: तेंगो, बेंगो, आगो, दिगो, शिवाय साल्गो, पोंगो, त्रायगो. ‘ओय’वर संपणारे चारच: सोय, एस्तोय, बोय, दोय.

घोका_आणि_बोला

काकांशी अर्धा सहमत. साचे हवेतच, पण तक्ते टाकून देऊ नका हो. पाढे पाठ होते म्हणून हिशेब जमला. फक्त क्रमाने म्हणणं बंद करा. क्रमाने म्हटलं की ‘ते करतात’पर्यंत पोचायला दर वेळी पहिल्या पायरीपासून चढावं लागतं. मी चिठ्ठ्या केल्या होत्या. एका डब्यात क्रियापदं, दुसऱ्यात माणसं, दोन्हीकडून एकेक उचलायची आणि लगेच अख्खं वाक्य म्हणायचं. भांडी घासताना सुद्धा.

आणि कोलंबियन बाईंशी बोलताय ना, मग ‘आब्लाइस’चा रकाना सध्या झाकून ठेवा. ते स्पेनमधलं ‘तुम्ही लोक’. लॅटिन अमेरिकेत अनेकांना उद्देशून ‘उस्तेदेस’ म्हणतात आणि ‘ते’चंच रूप लावतात, आब्लान. एकाला आदरानं ‘उस्तेद’, त्याला ‘तो/ती’चं रूप, आब्ला. हे सुरुवातीला विचित्र वाटतं, पण ‘उस्तेद’ हे ‘बुएस्त्रा मेर्सेद’ याचं झिजलेलं रूप आहे, म्हणजे साधारण ‘आपली कृपा’. आपण नाही का समोरच्यालाच विचारत, ‘स्वारी कुठे निघाली?’ स्वारी निघाली, म्हणून तृतीय पुरुष.

राहता राहिला सेर–एस्तारचा घोळ. तिथे मराठीचा उपयोग होतोच. ‘असते’ म्हणजे सेर आणि ‘आहे’ म्हणजे एस्तार.

जुना_दुभाषी

नाही, इथे मराठी फसवते. ‘ती डॉक्टर आहे’ यात ‘आहे’ आहे, पण स्पॅनिशमध्ये ‘एस’ लागतं, ‘एस्ता’ नाही. ‘कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार’ हा पुस्तकी नियमही लंगडा. मेलेला माणूस कायमचाच मेलेला, तरी ‘एस्ता म्वेर्तो’.

मी एक कसोटी वापरतो. ‘-लेला, -लेली, -लेलं आहे’ असं म्हणता येत असेल तर एस्तार. दार उघडलेलं आहे: ला प्वेर्ता एस्ता आब्येर्ता. ती कंटाळलेली आहे: एस्ता आबुर्रिदा. वस्तू कुठे आहे, माणूस कसा आहे, तिथेही एस्तार. कोण आहे, काय आहे, स्वभावानं कशी आहे, तिथे सेर. ताई, तुम्ही त्या दिवशी ‘कंटाळलेली’ऐवजी स्वभाव सांगून बसलात.

‘आय’ (काहीतरी आहे) आणि ‘एस्ता’मधला फरक मात्र आपण शब्दांच्या क्रमानं करतो. टेबलावर पुस्तक आहे, म्हणजे कुठलंतरी: आय उन लिब्रो एन ला मेसा. पुस्तक टेबलावर आहे, म्हणजे ठाऊक असलेलं: एल लिब्रो एस्ता एन ला मेसा.

उशिरा_आलेली

दोघांचे आभार. ‘स्येते–सेतेंता’ वाचून मी वही मिटली आणि घरभर फिरत आकडेच म्हणत बसले. आज स्वतः पाच वाक्यं केलीत, तपासाल का?

तेंगो के लाबार ला रोपा (कपडे धुवायचेत). मे गुस्ता लास फ्लोरेस (मला फुलं आवडतात). कोनोस्को तु एर्माना (तुझ्या बहिणीला ओळखते). आकाबो दे लेएर (आत्ताच वाचलं). आणि नातवानं हाक मारली तेव्हा मुद्दाम ओरडले, ‘बेंगो, बेंगो!’ (येते, येते!)

जुना_दुभाषी

पहिलं आणि चौथं उत्तम. दुसऱ्यात फुलं अनेक आहेत, म्हणून ‘मे गुस्तान’. मराठीत ‘मला फुलं आवडतं’ म्हणाला असतात का?

तिसऱ्यात ‘आ’ राहिला: कोनोस्को आ तु एर्माना. मी घर पाहते, पण मी बहिणीला पाहते. माणूस आला की ‘ला’ लागतो, तसा त्यांचा ‘आ’.

पाचव्यात मात्र मराठीनं दगा दिला. हाक आली की आपण ‘आले, आले!’ म्हणतो, हाक मारणाऱ्याच्या जागी उभं राहून. स्पॅनिश माणूस स्वतःच्या जागेवरून बोलतो. तो इथून निघतोय, म्हणून त्याच्या लेखी ते जाणंच: ‘या बोय!’ बेनिर फक्त बोलणारा आहे तिकडे येण्यासाठी. फोनवरही हेच. ‘उद्या तुझ्याकडे येते’ हे ‘मान्याना बोय आ तु कासा’.

उशिरा_आलेली

म्हणजे येते म्हणायला जाते म्हणायचं! आपल्याकडे तर निघतानासुद्धा ‘जाते’ म्हणू देत नाहीत, ‘येते’च म्हणायला लावतात. हे तोंडात बसायला वेळ लागणार. या बोय, या बोय, या बोय.