घरातली मोट आणि मोडीचा रुमाल संग्रहालयाला द्यावा का? (सातारा)

माणदेशी
राम राम मंडळी. माण तालुक्यातलं आमचं जुनं घर यंदा उतरवायचं ठरलंय, माळवद दोन ठिकाणी खचलंय आणि आता डागडुजीत अर्थ राहिला नाही. आवराआवरी करताना परसातल्या सपरातनं आणि आतल्या अंधाऱ्या खोलीतनं बरंच काय काय निघालं. विहिरीचं पाणी बैलांनी ओढून काढायची पत्र्याची मोट, तिचं चाक, कणा, तुटका नाडा (मोट ओढायचा जाड दोर), आजोबांची तिफण, आज्जीचं जातं, आणि लाल कापडात घट्ट बांधलेला मोडी कागदांचा एक रुमाल. भाऊ म्हणतो भंगारवाल्याला देऊन टाक, बायको म्हणते नव्या घरात जागा कुठाय, आणि मला वाटतंय संग्रहालयाला द्यावं. पण द्यावं का, इथंच अडलोय म्हणून हा धागा.

अडायचं कारण सांगतो. पंधराएक वर्षांमागं आमच्या मामांनी घरचा लाकडी पाळणा आणि तांब्याचं मोठं घंगाळ एका संग्रहालयाला दिलं (नाव घेत नाही, आणि ते साताऱ्यातलं नव्हे). मागच्या दिवाळीत पोरांना घेऊन मुद्दाम बघायला गेलो तर दालनात नाही, विचारलं तर म्हणाले आत असेल, रजिस्टर बघावं लागेल, साहेब रजेवर आहेत. मामा पंचाहत्तरीचे, तिथंच बाकड्यावर बसून राहिले. ज्या पाळण्यात ते आणि त्यांची पाच भावंडं झोपली तो कुठाय हे सांगणारं एक माणूस तिथं नव्हतं.

तेव्हापासनं माझं मत झालंय की संग्रहालयांनी काही वर्षं नवीन वस्तू घेणं कमी करावं आणि आहे तेच लोकांना दाखवायला, पोरांना शिकवायला, गावात घेऊन जायला पैसा आणि माणसं लावावीत. लोकांना नको आहे असं तर अजिबात नाही. १९ जुलै २०२४ ला साताऱ्यात शिवाजी महाराज संग्रहालयात वाघनखं मांडली तेव्हा बघितलंच आपण, ज्यांनी जन्मात संग्रहालयाची पायरी चढली नव्हती ती माणसं पोराबाळांसकट गेली. मग एरवी का जात नाहीत? याचं उत्तर संग्रहालयांनी शोधायला पाहिजे, नवीन कपाटं भरण्याआधी.

दफ्तरदार
माणदेशी दादा, मामांचं वाचून वाईट वाटलं, पण तुम्ही काढलेला अर्थ मला अजिबात पटत नाही. मी अकरा वर्षं एका संग्रहालयाच्या भांडारात काम केलंय. पाळणा सापडला नाही कारण नोंद धड नव्हती आणि नोंद धड नव्हती कारण ती करायला माणूस नव्हता. आता आहेत ती माणसं पण शाळेत आणि गावात पाठवली तर रजिस्टर कोण लिहिणार? वस्तू आली की दाखल क्रमांक, माप, कशाची आहे, कुणी दिली, कुठल्या गावची, आणि आत्ता कुठल्या खोलीतल्या कुठल्या फळीवर आहे एवढं लिहावं लागतं. वस्तूवर आकडा घालायचा तो पण थेट नाही घालायचा, आधी पारदर्शक लेपाचा पातळ थर, त्यावर बारीक आकडा, वर परत थर, म्हणजे उद्या काढायचा झाला तर वस्तूला इजा न होता निघतो. नीट केलं तर दिवसाला मोजक्याच वस्तू होतात. याचा फोटो पेपरात येत नाही, म्हणून कात्री लागायची वेळ आली की पहिली यालाच.

एकदा एका घराण्यानं असाच रुमाल आणून दिला. उघडला तर फाटके कागद घरच्यांनी चिकटपट्टीनं जोडलेले. पट्टी वाळून गळून पडलेली पण तिचा गोंद कागदात मुरून तपकिरी पट्टा झालेला, आणि बरोबर त्या पट्ट्याखाली वतनाची ओळ. प्रेमानंच केलं होतं हो त्यांनी, पण ओळ गेली ती गेली. तेव्हा दादा आधी एवढं करा, रुमालाला पट्टी नको, लॅमिनेशन नको, ऊन दाखवणं नको, सुती कापडात कोरड्या जागी ठेवा. आणि गावोगाव फिरवायचं म्हणताय ना, कापड, कागद, जलरंगाचं चित्र यांच्यावर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर उजेड पडू नये असं मानतात, दुपारी खिडकीशी त्याच्या कितीतरी पट असतो. उडालेला रंग परत आणता येत नाही. कार्यक्रम पुढच्या वर्षीही घेता येतो.

वर्गशिक्षिका
दफ्तरदार सर, नोंदीचं सगळं मान्य, पण "कार्यक्रम पुढच्या वर्षी" हे वाक्य खटकलं. माझ्या वर्गातली पोरं पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत गेलेली असतात.

मी जिल्हा परिषद शाळेत सातवीला शिकवते. ४२ पोरं घेऊन वाघनखं बघायला गेलो होतो, येताना एसटीत एका मुलीनं विचारलं, बाई, ही अफजलखानाच्या वेळचीच कशावरनं? मला पोरीचा इतका अभिमान वाटला म्हणून सांगू. दुसऱ्या दिवशी दोन तास त्यावरच घेतले. इंग्रजांचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ १८१८ ला साताऱ्यात आला, वाघनखं त्याच्याकडं, मग त्याच्या वंशजांकडं आणि तिथनं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडं गेली. सोबतच्या पेटीवर लिहिलंय की पेशव्यांच्या मंत्र्यानं ही डफला दिली. आणि १६५९ ला वापरलेली हीच का, हे पडताळून सांगता येत नाही असं ते म्युझियम स्वतःच सांगतं. मग पोरांनाच विचारलं की तुमची खात्री कशानं पटेल. एक म्हणाला कागद पाहिजे, एकीनं सांगितलं लोखंड तपासा, एक म्हणाला ज्यानं दिली त्यानं कुणाकडनं घेतली ते शोधा. महाराजांवरचं प्रेम कुणाचं कमी झालं नाही, उलट आता प्रतापगडला कधी न्यायचं म्हणून रोज विचारतात.

दुसरं उदाहरण लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीचं. नेटवर बऱ्याच ठिकाणी १६४१ ते १६४६ चं बांधकाम म्हणून लिहिलेलं असतं आणि पोरं तेच वहीत उतरवतात. तो शक आहे! ७८ मिळवले की १७१९ ते १७२४ येतात, म्हणजे शाहू महाराजांचा काळ, वीरूबाईंनी बांधून घेतलेली विहीर. एवढ्याशा चुकीनं ती विहीर शिवाजी महाराजांच्या बालपणात जाऊन बसते. हे समजावून सांगणारं एक माणूस प्रत्येक संग्रहालयात पाहिजे, शिक्षणाचं काम बघणारं, पूर्ण पगारी, भांडारातल्या माणसाला उचलून नव्हे तर वेगळं. आणि १८ मे ला संग्रहालय दिन असतो तेव्हा आमच्या शाळांना उन्हाळी सुट्टी, कार्यक्रम होतात आणि पोरं मामाच्या गावाला. आमच्या सहली डिसेंबर-जानेवारीत निघतात, तेव्हा काहीतरी करा.

उजेडाचं म्हणाल तर मूळ वस्तू कशाला हलवायची? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून शाळाशाळांत जातेय. प्रतिकृती हातात दिली तरी पोरं खूश असतात. जातं तर दगडाचंच आहे, त्याला कसला लक्स, ओढू द्या की पोरांना.

औंधकर
आमच्या औंधचं कुणी नाव कसं काढलं नाही अजून. भवानराव पंतप्रतिनिधींनी श्रीभवानी संग्रहालय उभारलं १९३८ ला, आणि ते कुठं, तर यमाईच्या डोंगरावर. ७२ गावांचं संस्थान, पाऊस जेमतेम, आणि तिथं रविवर्म्याचं सैरंध्रीचं चित्र आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मूल. राजा स्वतः चित्रकार होता, चांगली चित्रं मुंबईलाच असावीत असं त्याला वाटलं नाही. माझे वडील शाळेत असल्यापासून देवीला गेले की उतरताना तिथं डोकावायचे. मूर कोण हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं पण ते शिल्प पाठ होतं, पोर आईत कसं मिसळून गेलंय हे हातानं करून दाखवायचे.

म्हणून मी दादांना सांगेन मोट साताऱ्याला पण देऊ नका. माणची मोट माणमध्येच ठेवा, शाळेची नाहीतर पंचायतीची एक खोली घ्या. शहरात तिच्याकडं कुणी पाच मिनिटं बघणार नाही, गावात ती ज्या विहिरीवर चालली ती विहीर समोर असते.

दफ्तरदार
औंधकर, खोलीची चावी कुणाकडं राहणार? मी तीन गावांत बघितलंय, ज्यानं हौसेनं सुरू केलं तो माणूस नोकरीसाठी बाहेर गेला की खोलीत खताची पोती येतात, मग वाळवी, मग सगळं एकदम उकिरड्यावर. औंधला पंतांनी त्यासाठी वेगळी इमारत बांधली आणि आज ते राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडं आहे, पगारी माणसं आहेत. गावाच्या मायेवर एक पिढी निघते, दुसरी निघत नाही.

कृष्णाकाठ
मी मिरजेचा. वेगळं बोलतो, राग नसावा. विकून टाका. जाणता संग्राहक बघा आणि रीतसर पैसे घ्या, घर बांधताय, पैसे लागणारच, त्यात लाज कसली. पुण्याचं केळकर संग्रहालय सरकारनं नाही उभं केलं, दिनकर केळकर या एका माणसानं वाडे आणि बाजार पालथे घालून अडकित्ते, दिवे, दारं, भांडी जमवली. सरकार नंतर आलं. पैसे मोजून घेतलेली वस्तू माणूस फुकटच्या वस्तूपेक्षा जास्त जपतो हा माझा अनुभव.

माणदेशी
कृष्णाकाठ, राग नाही, पण केळकरांनी शेवटी केलं काय? १९६२ ला सगळं सरकारला, म्हणजे लोकांनाच दिलं, लहानपणी गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या नावानं. सगळे घेणारे केळकर नसतात. हायवेला एका ढाब्याच्या दारात मोट बघितली मी, तळाला भोकं पाडून माती भरलेली आणि वर बोगनवेल. आजोबांची मोट तशी बघवणार नाही मला.

मोडीवाचक
विकायचा विषय निघालाय म्हणून सांगतो. १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, त्यात १०० वर्षांच्या वरच्या वस्तू येतात, आणि ऐतिहासिक, साहित्यिक वगैरे महत्त्वाचे हस्तलिखित कागद असतील तर ७५ वर्षं धरतात. असला माल विकायचा धंदा करायला परवाना लागतो आणि देशाबाहेर परस्पर नेता येत नाही. घरात जपून ठेवणं हा गुन्हा नाही, काही जण उगाच घाबरतात म्हणून लिहिलं.

आणि रुमाल मोटेबरोबर देऊ नका. कागदाची जागा दफ्तरखान्यात, म्हणजे पुराभिलेखागार, नाहीतर पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१० पासनं हेच काम चाललंय तिथं. द्यायच्या आधी प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि कागदांचा क्रम मोडू नका. पाठीमागच्या दोन ओळीत कधी कधी पुढच्या पानापेक्षा जास्त असतं.

दफ्तरदार
मोडीवाचकांशी शंभर टक्के सहमत. दादा, मोट द्यायचं ठरलंच तर दानपत्राची प्रत आणि दाखल क्रमांक हातात घेतल्याशिवाय तिथनं उठू नका. दान केलेलं परत मागता येत नाही, हे घरात सगळ्यांना आधी सांगून ठेवा. आणि त्याबरोबर एक कागद द्या, कुणाची, कुठल्या विहिरीवरची, कधी बंद पडली. मी भांडारात असताना "लोखंडी भांडे, शेतीविषयक" एवढ्याच नोंदीच्या वस्तू हाताळल्यात, कुणी वापरली काही पत्ता नाही. अशी वस्तू वर्गशिक्षिका मॅडमना दिली तरी त्या पोरांना काय सांगणार? तेवढ्यापुरतं मॅडमचं आणि माझं भांडण नाही. पण पैसे एकाच जागी लावायचे असतील तर मी आजही भांडारालाच म्हणेन.

वर्गशिक्षिका
आणि मी आजही माणसाला म्हणेन. नोंदी कितीही चांगल्या असोत, माझ्या ४२ पोरांना त्या भांडाराच्या दारातनं कोण आत नेणार?

माणदेशी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी सरांनी सांगितलेला कागद लिहायला बसलो आणि लक्षात आलं मला काहीच माहीत नाही. म्हणून शेजारच्या तात्यांना बोलावलं, वय ८४, विहिरीवर इंजिन बसेपर्यंत हीच मोट त्यांनी आमच्या आजोबांबरोबर हाकलेली. मोट अंगणात ठेवली तर म्हातारा आधी तिच्या सोंडेत हात घालून बघत होता, आतनं गंजलीय का. मग उभा राहून दाखवायला लागला. बैल धावेवरनं, म्हणजे विहिरीपुढच्या उतारावरनं, खाली गेले की नाडा ताणतो आणि मोट वर येते, थारोळ्याशी (काठावरच्या पाणी पडायच्या कुंडाशी) आली की सोंदूर, म्हणजे सोंडेचा बारीक दोर, सोंडेला ओढून धरतो आणि पाणी आपोआप थारोळ्यात पडतं, मग बैल वळवायचे नाहीत, तसेच मागं मागं घ्यायचे. पाठमोरा चालत अंगणाच्या भिंतीपर्यंत गेला तो, पाय अडखळला तरी थांबला नाही. मुलीनं सगळं मोबाईलवर घेतलं, वीसेक मिनिटांचं झालंय. मोटेवरचं गाणं म्हणा म्हटलं तर दोन ओळी म्हणाला आणि पुढचं आठवेना, म्हणाला बैल पुढ्यात असला की येतंय.

रुमाल पुण्याला देतोय, फोटो काढून. जातं मॅडमच्या शाळेला, पोरांनी ओढायला, ते मी ठरवलंच. मोट साताऱ्याला विचारून बघतो, पण व्हिडिओ मोटेच्याच क्रमांकावर नोंदणार असतील तरच, नाहीतर सपरातच राहू दे अजून. औंधकर, तात्या तुमच्याच बाजूनं बोलले, म्हणाले विहिरीवर ठेव.

एक राहिलं. चाकाच्या कण्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या उभ्या लाकडांना तात्यांनी जे नाव सांगितलं ते व्हिडिओत वाऱ्यामुळं नीट ऐकू येत नाहीये आणि आज ते लेकीकडं दहिवडीला गेलेत. तुमच्या भागात काय म्हणतात त्याला? फलटण, खटाव, जत, कुठलंही चालेल, कागदात लिहायचंय.