भाडेकरू ग्रुपवर नकोत? मग पाणी वाढलं तर त्यांना उठवणार कोण?

सिंहगडरोडकर
काल इथे एका सेक्रेटरी साहेबांनी लिहिलं की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त फ्लॅटमालक असावेत. भाडेकरू अकरा महिन्यांचा, त्याला बिल्डिंगशी काही देणंघेणं नसतं, जे सांगायचं ते मालकाला सांगावं आणि मालकाने त्याच्या भाडेकरूला. खाली भराभर अंगठे पडलेत, 'एकदम बरोबर' म्हणून. वाचून डोकं तापलं म्हणून सविस्तर लिहितोय.

साहेब, २५ जुलै २०२४ ची पहाट आठवते का? खडकवासला धरणातून रात्रीत विसर्ग वाढवत वाढवत ३५ हजार क्युसेकच्या आसपास गेला आणि पुण्यात सिंहगड रोडला एकतानगरी, निंबजनगर, विठ्ठलनगर सगळीकडे पाणी शिरलं. लोकांना बाहेर काढायला लष्कर बोलवावं लागलं. आम्ही त्याच पट्ट्यात नदीच्या बाजूला भाड्याने राहायचो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका सभासदाने मध्यरात्रीनंतर टाकलं होतं, 'पाणी वाढतंय, गाड्या मेन रोडला काढा.' बऱ्याच मालकांनी काढल्या. आमचे मालक बंगलोरला, ते झोपलेले, त्यांनी सकाळी चहा घेताना मेसेज बघितला आणि फॉरवर्ड केला, तोवर पार्किंगमध्ये कमरेपर्यंत पाणी. माझी गाडी आणि बायकोची स्कूटर दोन्ही गेल्या, इन्शुरन्सला इंजिन प्रोटेक्ट नव्हतं, इंजिनाचा सगळा खर्च खिशातून. पण गाडीचं सोडा, तळमजल्यावर एक भाडेकरू कुटुंब होतं, घरात म्हातारी आजी, अंथरुणाला खिळलेली. त्यांना पाणी पलंगाला लागल्यावर कळलं. वॉचमन आणि दोन पोरांनी उचलून वर आणलं आजींना.

मला मतदान नकोय, कमिटीत जागा नकोय, बिल्डरच्या भानगडी माहीत नसल्या तरी चालेल. पण ज्या इमारतीत मी झोपतो तिथे पाणी शिरतंय हे मला मालकाइतक्याच वेळात कळायला पाहिजे. यात दुसरं मत असूच कसं शकतं?

बिनपगारी सेक्रेटरी
काल लिहिणारा तो मीच. तुमच्या बाबतीत जे झालं ते वाईटच झालं, त्याबद्दल वाद नाही. पण एका पुरावरून सगळ्यांसाठी नियम करू नका.

आमच्याकडे ९६ फ्लॅट आहेत, त्यातले निम्मे भाड्याने. ग्रुपवर काय काय असतं ते बघा. थकबाकीदारांची यादी असते, बिल्डरविरुद्धच्या डीम्ड कन्व्हेयन्सची (बिल्डर देत नाही ती जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायची) कागदपत्रं असतात, वकिलाचा सल्ला असतो. हे भाडेकरूला कशाला? आम्ही आधी सगळ्यांना घ्यायचो. एक मुलगा फ्लॅट सोडून गेला तरी ग्रुपवरच, काढायचं कोणाच्या लक्षात नाही. मग एक दिवस आमच्या मीटिंगमधल्या भांडणाचा स्क्रीनशॉट बिल्डरच्या माणसाकडे. कोणी दिला ते सिद्ध झालं नाही पण त्या दिवशी मी ठरवलं, मालक सोडून कोणी नाही. आणि हे सगळं मी नोकरी सांभाळून करतोय, पैसा मिळत नाही, वर रात्री अकराला 'लिफ्ट बंद आहे' म्हणून फोन. दर अकरा महिन्यांनी पन्नास नंबर काढा आणि पन्नास घाला, हे काम कोण करणार, तुम्ही?

धायरीची पोर
काका, तुम्हाला सिद्ध झालं नाही तरी शिक्षा मात्र सगळ्या भाडेकरूंना? स्क्रीनशॉट मालकानेही दिला असेल ना.

मी सांगते ग्रुपवर नसल्याने काय होतं. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची (गुलेन बॅरी सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा आजार) साथ आली तेव्हा आपल्या सिंहगड रोडकडचं नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागातच सगळ्यात जास्त पेशंट होते आणि पाण्यावरच संशय होता. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर कमिटीने टाकलं की टाकी धुतोय, पाणी उकळून प्या, टँकरचं पाणी तपासायला दिलंय, उद्या दुपारपर्यंत नळ वापरू नका. आम्ही तिघी मुली भाड्याने, आम्हाला शून्य कल्पना. मी दोन दिवस त्याच नळाचं पाणी नुसतं गाळून पीत होते. कळलं कशावरून तर खालच्या मजल्यावरच्या कामवाल्या मावशींकडून! म्हणजे मावशींना माहीत आणि आम्हाला नाही. आम्हाला काही झालं नाही हे नशीब. पण माझ्या ऑफिसमधला एक जण तेव्हा आयसीयूत होता, हातपाय हलत नव्हते, त्यामुळे मला हे अजिबात हलक्यात घेता येत नाही.

पर्वतीकाकू
मुलींचं ठीक आहे गं, पण सगळे भाडेकरू असे नसतात. आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये पाच मुलं राहतात, करारात दोघांचीच नावं आहेत. रात्री दीड वाजता खुर्च्या ओढतात, मॅच असली की पाय आपटतात, सकाळी जिन्यात पिझ्झाचे खोके. गॅलरीतून बाटली खाली पडली होती एकदा, खाली माझी नात खेळत होती! मालक औंधला, त्याला फोन केला तर म्हणतो 'काकू, भाडं वेळेवर देतात हो ती मुलं.' ग्रुपवर घ्या म्हणताय, मग ग्रुपवर त्यांना बोललेलं चालेल का? तेव्हा म्हणाल आमची बदनामी केली.

धायरीची पोर
काकू, उलट म्हणूनच ग्रुपवर घ्या ना! आत्ता तुम्ही औंधला फोन करता, औंधवाले दोन दिवसांनी मुलांना सांगतात. थेट सांगितलं तर तिथल्या तिथे मिटेल. आणि बाटलीबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर, त्याला पोलीस कंप्लेंटच पाहिजे. पण आमच्याकडे आई-बाबा नाशिकहून आले तर गेटवर 'बॅचलर फ्लॅटला रात्रीचे पाहुणे चालत नाहीत' म्हणून अर्धा तास उभं केलं होतं. माझ्या बाबांना! हा नियम कुठल्या कायद्यात आहे ते कुणीतरी सांगा मला.

डब्लिनहून मालक
मी दुसऱ्या बाजूचा, मालक. फ्लॅट पुण्यात, मी आयर्लंडमध्ये. माझी अडचण वेगळीच आहे. भाडेकरूला ग्रुपवर घेणार नाही म्हणतात, व्हिजिटर पार्किंग देणार नाही म्हणतात, पण नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून लावतात ते, मात्र महिन्याला २५०० लावलेत. मेंटेनन्स ३२०० आणि वर हे २५००. कशाबद्दल? भाडेकरू जी लिफ्ट वापरतो तीच मी वापरली असती. विचारलं तर 'जनरल बॉडीने ठराव केलाय'.

उपविधी वाचा
ठराव केला तरी चालत नाही. सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सर्व्हिस चार्जेसच्या (वॉचमन, सफाई, ऑफिस असा रोजचा खर्च) १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. मुंबईच्या माँट ब्लाँक सोसायटीने त्याला आव्हान दिलं होतं, २००७ मध्ये हायकोर्टाने आदेश कायम ठेवला. आणि हे १० टक्के अख्ख्या बिलाचे नाहीत, फक्त सर्व्हिस चार्जेसचे. मालमत्ता कर, पाणीपट्टी, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी सगळं बाजूला काढायचं. समजा तुमच्या ३२०० मधले सर्व्हिस चार्जेस १८०० निघाले तर महिन्याला जास्तीत जास्त १८० रुपये. तुम्ही सहकारी संस्थांच्या रजिस्ट्रारकडे लेखी तक्रार करा. आणि फ्लॅटमध्ये तुमचे आई-वडील किंवा लग्न झालेली मुलगी राहत असेल तर तेवढेही नाहीत.

डब्लिनहून मालक
१८०?! आणि मी इतकी वर्षं २५०० भरतोय. मागचे परत मिळतात का?

बिनपगारी सेक्रेटरी
झालं, आता सगळे रजिस्ट्रारकडे पळा. अहो तुम्ही भाडं खाता ना? तीस हजार भाडं घेता, त्या इमारतीला रंग लावायला, पंप दुरुस्त करायला रविवारी सकाळी कोण उभं राहतं, तुम्ही का मी? भाडेकरू बदलला की सामान चढवताना उतरवताना लिफ्टचा पत्रा वाकतो, भिंती खरवडतात, तो खर्च राहणाऱ्या सभासदांनी का सोसायचा? माझ्या मते २५०० सुद्धा कमी आहेत.

डब्लिनहून मालक
सोडून गेलेला मालक म्हणजे गुन्हेगार असं का बोलता? मी आईच्या आजारपणात कर्ज काढलं होतं, तो फ्लॅट भाड्याने दिला म्हणून हप्ते जातायत. लिफ्टचं नुकसान झालं तर त्याचं बिल पाठवा, मी भरतो. दर महिन्याला दंड कशाला?

अपार्टमेंटवाला
एक मिनिट थांबा, हे १० टक्के सहकारी सोसायटीला लागू. पुण्यात बऱ्याच इमारती सोसायटी नाहीत, अपार्टमेंट आहेत, १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली, डीड ऑफ डिक्लरेशनवाल्या. आमच्याकडे मेंटेनन्ससुद्धा क्षेत्रफळाप्रमाणे आहे. माझा थ्री बीएचके, आम्ही घरात दोघंच म्हातारे, तरी शेजारच्या वन बीएचकेमधल्या सहा माणसांपेक्षा दुप्पट भरतो. पाणी ते जास्त वापरतात, कचरा त्यांचा जास्त, पैसे माझे जास्त. याबद्दल कुणी बोलत नाही.

उपविधी वाचा
अपार्टमेंटमध्ये अविभक्त हिश्श्याप्रमाणे (सामाईक जागेतला ज्याचा त्याचा वाटा) खर्च वाटायचा हे कायद्यातच आहे. सोसायटीत मात्र सर्व्हिस चार्जेस सगळ्या फ्लॅटना समान. तुमची तक्रार खरी असली तरी ती कमिटीच्या हातात नाही.

अपार्टमेंटवाला
हातात नाही म्हणून गप्प बसायचं का! एप्रिल-मे मध्ये आम्ही दिवसाला चार चार टँकर घेतो. टँकर माणसं पितात, भिंती पीत नाहीत. डोक्यामागे लावा पाण्याचे पैसे.

पर्वतीकाकू
डोक्यामागे लावा, पण करारात दोन डोकी आणि घरात पाच असली तर मोजणार कोण? मी मगाशी तेच सांगत होते.

बिनपगारी सेक्रेटरी
काकूंचा हा मुद्दा बरोबर आहे. मला कितीतरी फ्लॅटमध्ये कोण राहतं हेच माहीत नाही. एजंट परस्पर चावी देतो, मालक करार दाखवत नाही, कधी कधी करारच नसतो.

उपविधी वाचा
करार नसेल तर ती जबाबदारी मालकाची. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ बघा, लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हा भाडेकरार, लेखी आणि रजिस्टर केलेलंच पाहिजे, अकरा महिन्यांचं असलं तरी. नाही केलं तर घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड, आणि अटींवरून वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल ते धरतात. पण एक लक्षात घ्या, सोसायटीला फक्त कळवायचं असतं, तुमची परवानगी लागत नाही. आमच्या ओळखीत एका सोसायटीत भाडेकरूचा 'इंटरव्ह्यू' घेतात, जेवण व्हेज का नॉनव्हेज विचारतात. हा अधिकार त्यांना कुणी दिला?

सिंहगडरोडकर
मंडळी, चार्जेसवर वेगळं भांडा, मीही येतो. पण मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाहीये. वरचा प्रत्येक जण पैसे कोणी किती भरायचे यावर बोलतोय आणि भाडेकरू त्यात फक्त जास्तीचा खर्च म्हणून येतोय. तळमजल्यावरच्या त्या आजींचं काय? त्या पाण्यात होत्या तेव्हा मेंटेनन्स कोणाच्या नावाने जात होता याला काय अर्थ? सेक्रेटरी साहेब, तुम्ही रात्री अकराला लिफ्टचे फोन घेता, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे, असं काम करणारी माणसं कमी आहेत. पण तुमच्या बिल्डिंगमध्ये निम्मे फ्लॅट भाड्याने आहेत असं तुम्हीच म्हणालात. म्हणजे आग लागली, गॅस लीक झाला, टाकीत काही सापडलं तर निम्म्या इमारतीला खबर मुंबई-बंगलोर-डब्लिन फिरून येणार.

डब्लिनहून मालक
हे मात्र पटलं. तुमच्याकडे पहाटे तीन वाजतात तेव्हा इथे मी जागा असतो, पण दर वेळी असेनच असं नाही. माझ्या भाडेकरूचा जीव माझ्या फोनच्या आवाजावर नको.

बिनपगारी सेक्रेटरी
सभासदांचा ग्रुप सभासदांचाच राहील, त्यावर मी एक इंच मागे सरकणार नाही, कोर्टाचे कागद तिथे आहेत. पण वेगळा ग्रुप करता येईल. त्यात फक्त कमिटी मेसेज टाकेल, बाकी कुणाला टाकता येणार नाही. पाणी, वीज, लिफ्ट, पूर, आग, एवढंच. सुप्रभात नाही, गाद्या विकणं नाही, आमच्यावर आरोप नाहीत. हे तुमच्यासाठी करतोय असं समजू नका, उद्या काही झालं तर नाव सेक्रेटरीचंच येतं.

धायरीची पोर
कशासाठीही करा, चालेल काका, करा म्हणजे झालं. तक्रार करायला आम्हाला जागा कुठे ते मात्र अजून राहिलंच.

पर्वतीकाकू
आणि आमच्या तक्रारीला? वरच्या पाच जणांचे नंबर मलाही हवेत.

बिनपगारी सेक्रेटरी
आमच्याकडे तक्रारी लेखी, ऑफिसच्या पेटीत. मालक आणि भाडेकरू, दोघांच्याही. ३० सप्टेंबरच्या आत एजीएम (वार्षिक सभा) आहे, ग्रुपचा विषय अजेंड्यावर घेतो. पण मालकांनी भाडेकरूचा नंबर दिला नाही तर मी दारोदार फिरणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

सिंहगडरोडकर
एजीएमपर्यंत थांबू नका, पावसाळा त्याच्या आधी आहे. आणि नंबर मालकाकडे मागायलाच कशाला पाहिजे? भाडेकरूची माहिती पोलिसांना दिल्याची प्रत तुम्ही घेताच, ती तुमच्या फाइलला असते, त्यावर मोबाइल नंबर असतो. ज्यांची प्रत नाही त्यांची या रविवारी मागा, म्हणजे काकू म्हणतात तसे कुठल्या फ्लॅटमध्ये पाच राहतात का दोन तेही कळेल.