चिनी वैद्यक, जंत, यकृत आणि चिडचिड: ‘पॅरासाइट क्लीन्स’ घ्यावं का?

गोदाकाठ (इंदिरानगर, नाशिक)
इथल्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर ३० दिवसांचा ‘पॅरासाइट क्लीन्स’ (पोटातले जंत काढायचा कोर्स) फिरतोय. सांगतात असं की, चिनी वैद्यकाप्रमाणे राग यकृतात साठतो, तिथेच जंत घर करतात, म्हणून रात्री १ ते ३ मध्ये जाग येते, चिडचिड होते, झोपेत दात खाल्ले जातात. त्यावर लवंग, काळ्या अक्रोडाचं टरफल आणि वर्मवुडच्या (दवण्याच्या कुळातली कडू वनस्पती) कॅप्सूल, शेवटी ऑलिव्ह तेल आणि एप्सम सॉल्टचा (जुलाबाचं मीठ) ‘लिव्हर फ्लश’, म्हणजे यकृत धुऊन काढणं. वहिनींना (वय ४२) हे सुरू करायचंय. एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) ६८, सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर, उजव्या बरगडीखाली जडपणा, ताप नाही. चिनी वैद्यकात खरंच असं सांगितलंय का? आणि करायचं तर नीट काय करावं?

सूचिवेध
अर्धं खरं आहे. राग आणि यकृत यांची जोडी चिनी वैद्यकातली आहे, १ ते ३ ही यकृताची वेळही त्यांच्याच घड्याळातली. पण यकृतात जंत बसले म्हणून राग येतो, हे तिथलं नाही. लवंग-अक्रोड-वर्मवुड हे त्रिकूट तर विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत गाजलेलं.

चिनी वैद्यकात यकृत म्हणजे सोनोग्राफीत दिसतो तो अवयव एवढंच नव्हे. ‘ची’ (जीवनऊर्जा) शरीरभर मोकळी फिरती ठेवणं, रक्त साठवणं, डोळे, स्नायुबंध, नखं हे सगळं त्याच्याकडे. माणूस मनातलं दाबत राहिला की ‘ची’ अडते. मग बरगड्यांशी ताण, उगाच उसासे, घशात काही अडकल्यासारखं, पाळीआधी छाती दुखणं, आणि नाडी ताणलेल्या तारेसारखी. पुढे हे यकृत प्लीहेवर (त्यांच्या मते पचन सांभाळणारा अवयव) चढतं आणि पोट फुगतं. म्हणूनच एसजीपीटी अगदी नॉर्मल असलेल्या माणसातही चिनी वैद्य यकृताचा बिघाड सांगू शकतो, आणि फॅटी लिव्हर असलेला माणूस शांत असू शकतो. रक्ताच्या रिपोर्टवरून राग मोजायचा नाही, की रागावरून यकृत तपासायचं नाही.

जंतांचा विचार त्यांनी वेगळा केलाय. इ.स. ६१० च्या सुमारास चाओ युआनफांग या वैद्यानं नऊ प्रकारचे कृमी वर्णिले. कारणं कच्चं, गोड-तेलकट खाणं आणि दुबळी प्लीहा. गल्लत बहुधा झाली ती ‘वू मेई वान’ या गोळीमुळे. सुमारे १८०० वर्षांपूर्वी झांग झोंगजिंग या वैद्यानं ती ज्या विभागात सांगितली, त्या विभागाचं नाव यकृताच्या वाहिनीचं आहे. लक्षणं मोठ्या गोल जंताची: हातपाय गार, खाल्लं की ओकारी, ओकारीत जंत. त्यामागचं सूत्र सुंदर आहे: जंत आंबटानं शांत होतो, तिखटानं दबतो, कडूनं खाली उतरतो. म्हणून धुरावलेलं आंबट फळ, आपल्या तिरफळाच्या कुळातली मिरी, सुंठ आणि कडू मुळ्या एकत्र. गोल जंत पित्तनलिकेत चढला की असह्य कळा येतात, हे आजही खरं आहे.

औषधी_नोंद
पण ती गोळी ऑनलाइन मागवू नका. तिच्यात बचनागाच्या कुळातलं मूळ असतं. नीट शोधन (विष कमी करायची प्रक्रिया) झालं नसेल तर हृदयाचे ठोके बिघडतात. दुसरं घटक द्रव्य ‘शी शिन’, त्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल असू शकतं आणि ते मूत्रपिंड कायमचं खराब करतं.

यकृताच्या बाबतीत जास्त जपा. जंतांसाठी चीनमध्ये बकाणा निंबाची साल वापरतात. तिचा विषार यकृतावरच पडतो. केसांसाठी विकलं जाणारं ‘हे शौ वू’ घेऊन कावीळ झाल्याच्या जगभर नोंदी आहेत. आपल्याकडेही कोविडकाळात गुळवेलीनंतर यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलंय. एसजीपीटी आधीच वाढलेलं असताना पाच-सहा वनस्पतींची कॅप्सूल घेतली आणि आकडा २०० वर गेला, तर दोष कोणाचा हे शोधताच येत नाही.

अंगणातल्या मधुमालतीच्या बिया हेही चिनी जंतनाशक. भाजून, मुलांना वयाप्रमाणे मोजून देतात. जास्त झाल्या किंवा वर गरम चहा प्यायला तर उचकी थांबत नाही, चक्कर येते. घरी प्रयोग नको.

लिव्हर फ्लशनंतर पडणारे हिरवे गोळे खडे नसतात. तेल पचताना त्याचा साबण होतो, तेच गोळे. ते पाण्यावर तरंगतात आणि कोमट पाण्यात विरघळतात; खरा खडा विरघळत नाही. पित्ताशयात खरोखर खडा असेल तर एवढ्या तेलानं पित्ताशय जोरात आवळतं आणि खडा नळीत अडकून कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

लॅबवाला
आधी तपासणी. शौचाचे तीन नमुने वेगवेगळ्या दिवशी, कारण अंडी रोज पडत नाहीत. नमुना लघवी न मिसळता घ्यायचा, लवकर पोचवायचा. सोबत सीबीसीत (रक्तपेशींची मोजणी) इओसिनोफिल, म्हणजे जंत असले की वाढू शकणाऱ्या पांढऱ्या पेशी. गुदद्वाराशी रात्री खाज असेल तर सकाळी अंघोळीआधी पारदर्शक चिकटपट्टी लावून ती काचेवर चिकटवून द्यायची. सुतासारखे जंत शौचाच्या तपासणीत सहसा सापडत नाहीत.

सापडले तर जंतांची गोळी अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ, डॉक्टरांना विचारून. सुतजंतांना २ आठवड्यांनी पुन्हा एक डोस, घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी. गरोदरपणाच्या पहिल्या ३ महिन्यांत नाही. आणि कधीही फिट आलेली असेल तर न विचारता बिलकुल नाही: मेंदूत फीतकृमीच्या गाठी असतील तर औषधानं पुन्हा फिट येऊ शकते.

मेथी-कोथिंबीर मिठाच्या पाण्यात ठेवून अंडी मरत नाहीत. ती चिकट असतात. मुळं कापून, एकेक जुडी सुटी करून वाहत्या पाण्यात चोळून धुवा; शंका असेल तर शिजवूनच खा.

वहिनींसाठी हिपॅटायटिस बी-सी, साखर, लिपिड तपासा. फॅटी लिव्हरला ७ ते १० टक्के वजन उतरणं हे कोणत्याही कॅप्सूलपेक्षा जास्त उपयोगी. ताप, थंडी आणि उजवीकडे दुखू लागलं तर वाट बघू नका, यकृतात अमिबाचा गळू असू शकतो. त्याच दिवशी त्र्यंबक नाक्यावरचं जिल्हा रुग्णालय किंवा जवळचा फिजिशियन गाठा.

गोदाकाठ
तपासण्या आजच सांगतो. चिडचिड आणि झोपेसाठी चिनी पद्धतीचं निर्धोक काही आहे का?

सूचिवेध
आहे. ‘थाय चोंग’, यकृताच्या वाहिनीवरचा दाबायचा बिंदू. पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटामधल्या बेचक्यातून बोट वर सरकवत न्या. दोन हाडं मिळतात त्याच्या अलीकडे खळगा लागतो, साधारण दोन बोटं वर. दाबल्यावर बोथट दुखायला हवं, टोचायला नको. अंगठ्यानं १ ते २ मिनिटं, श्वास सोडताना दाब वाढवत, दोन्ही पायांना, झोपण्याआधी. नीट जागा लागली नाही तर लोक नुसतं हाडच दाबत बसतात. गरोदरपणात हा बिंदू टाळतात. पायाला जखम असेल किंवा मधुमेहानं बधिरता असेल तरी नको.

रात्रीचं जेवण ८ च्या आत, हलकं. संध्याकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर हात मोकळे सोडून ३० मिनिटं चाललात तर चिनी भाषेत ‘ची’ सुटते आणि लॅबच्या भाषेत एसजीपीटी उतरतं. सुया लावून घ्यायच्या तर महाराष्ट्राच्या ॲक्युपंक्चर परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा आणि सुई सीलबंद, एकदाच वापरायची आहे ना ते डोळ्यांनी बघा. जुन्या सुईनं हिपॅटायटिस बी होऊ शकतो.

चिडचिड दोन आठवड्यांहून जास्त टिकली, सोबत रडू येणं, कशातच रस न वाटणं असेल, तर थायरॉइड तपासा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. वहिनींना यकृताच्या नावावर थांबवून ठेवू नका.